दंतकथेआड दडलेले कर्तृत्व

मोठ्या माणसांभोवती दंतकथा जमतात आणि त्या बहुधा त्यांच्या पश्चात भक्तमंडळींनी रचलेल्या असतात. सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायात जगभर नाव मिळविलेल्या हेलेना रुबिनस्टाईन यांची गोष्ट मात्र निराळी आहे. आपल्याभोवतीची दंतकथा त्यांनी स्वतःच, हयातीत, जाणीवपूर्वक रचली आणि ब्याण्णव वर्षांच्या दीर्घ आयुष्यात अखेरपर्यंत जतन केली. त्या कथेत सुखवस्तू घराणे होते, वैद्यकाचे शिक्षण होते, एक विद्वान युरोपीय डॉक्टर होता आणि कार्पेथियन पर्वतातील दुर्मीळ वनस्पतीही होत्या. पुढे चरित्रकारांनी कागदपत्रे तपासली तेव्हा यांतले फारच थोडे टिकले. जे टिकले ते मात्र त्या कथेहून पुष्कळ साधे आणि पुष्कळ मोठे आहे. असे खरे कर्तृत्व पदरी असताना या बाईंना बनावट गोष्टीचा आश्रय का घ्यावासा वाटला, हा त्यांच्या चरित्रातील कळीचा प्रश्न आहे. आणि तो केवळ त्यांच्यापुरता मर्यादित नाही.

क्राकोव्ह हे आजच्या पोलंडमधील शहर त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. तेथील काझिमिएझ या ज्यूंच्या वस्तीत १८७२ साली हेलेनाचा जन्म झाला. घरचे नाव हाया. वडील किरकोळ दुकानदार. घरात आठ मुली आणि ही त्यांतली थोरली. अशा घरात थोरल्या मुलीच्या वाट्याला काय येते, हे आपल्याकडे कोणाला सांगावयास नको. धाकट्यांना सांभाळणे, वडिलांच्या हिशेबाला हातभार लावणे आणि वेळ येताच ठरविलेल्या घरी निमूटपणे जाणे, हा क्रम ठरलेला होता. पहिल्या दोन गोष्टी तिने केल्या, तिसरी केली नाही. घरच्यांनी ठरविलेले स्थळ तिने नाकारले. काही काळ ती व्हिएन्नाला मावशीकडे राहिली आणि १८९६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या बोटीत एकटी बसली. हाताशी पैसा बेताचा आणि इंग्रजी भाषेचे ज्ञान त्याहूनही बेताचे, अशी तिची अवस्था होती.

व्हिक्टोरिया प्रांतातील कोलरेन या लहानशा गावी तिच्या मामांचे दुकान होते. मैलोगणती कुरणे, त्यांत चरणारे मेंढ्यांचे कळप आणि धुळीने भरलेला रस्ता, असे ते गाव. तेथे तिने काही वर्षे दुकानात काम केले. त्या उघड्या मुलखातील ऊन आणि वारा यांनी तेथील स्त्रियांचे चेहरे अकाली रापून जात. या परदेशी मुलीची नितळ त्वचा पाहून त्या तिला त्याचे रहस्य विचारू लागल्या. येथेच तिला आपल्या धंद्याचे बीज सापडले. मेंढीच्या लोकरीत एक स्निग्ध पदार्थ असतो. लोकर धुताना तो निघतो आणि शुद्ध केल्यावर त्याला लॅनोलिन म्हणतात. त्वचेतील ओलावा टिकविण्याचा गुण त्यात आहे. मात्र त्याचा वास उग्र असतो. त्या प्रदेशात लोकरीला तोटा नव्हता. लॅनोलिनचा वास सुगंधी द्रव्यांनी झाकावयाचा आणि त्याचे मलम बनवावयाचे, हे तिचे तंत्र होते. पर्वतातील दुर्मीळ वनस्पतीऐवजी मामांच्या गावची मेंढीच त्या मलमाच्या मुळाशी होती.

परंतु कल्पना सुचणे आणि धंदा उभा राहणे यांमध्ये मोठे अंतर असते. कोलरेन सोडल्यावर हेलेनाने परक्यांच्या घरी मुले सांभाळण्याची नोकरी केली, मेलबर्नच्या उपाहारगृहात गिऱ्हाइकांना चहा नेऊन दिला. तेथील ओळखींतून थोडे भांडवल जमले आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी मेलबर्नमध्ये तिचे लहानसे दुकान उघडले. मलमाला तिने वालाझ असे परदेशी वळणाचे नाव दिले. एका डबीला खर्च सुमारे १० पेन्स येई आणि ती ६ शिलिंगांना विकली जाई. एका शिलिंगाचे १२ पेन्स होत, हे ध्यानात घेतले म्हणजे नफ्याचे प्रमाण कळते.

काळही अनुकूल होता. १९०२ साली ऑस्ट्रेलियातील गोऱ्या स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत मताधिकार मिळाला होता. दुकानांत, कचेऱ्यांत, शाळांत काम करणाऱ्या मुलींच्या हाती स्वतःची मिळकत येऊ लागली होती. चेहऱ्याला काही लावणे हे नटींचे किंवा बदनाम बायकांचे लक्षण, अशी समजूत अद्याप प्रबळ होती. म्हणून सभ्य घरच्या स्त्रीला रंगापेक्षा त्वचेच्या निगेची भाषा मानवणारी होती. बाईंनी हे अचूक हेरले. दुकानात येणाऱ्या स्त्रीला त्या समोर बसवीत, तिची त्वचा निरखीत आणि मगच तिला काय लावावे ते सांगत. कोरडी, तेलकट आणि साधारण असे त्वचेचे प्रकार करून त्यांनी प्रत्येकीसाठी वेगळी योजना आखली. १९०५ च्या सुमारास युरोपात जाऊन त्यांनी त्वचेच्या जाणकार डॉक्टरांकडून माहितीही मिळविली.

मग डबीवर त्या पर्वताची आणि डॉक्टरची गोष्ट कशासाठी? उत्तर कठीण नाही. कोलरेनच्या दुकानात उभी राहून शिकलेली, चहा वाटून पोट भरणारी, निर्वासितासारखी आलेली एक ज्यू मुलगी आपल्या अनुभवाच्या बळावर काही सांगते, यावर ६ शिलिंग मोजणारे गिऱ्हाईक विश्वास ठेवणार नव्हते. ज्ञानाला पदवीचा, पुरुषाचा आणि दूरदेशाचा शिक्का लागत होता. बाईंनी तो शिक्का स्वतःच तयार केला. हे असत्य होते आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. पण त्या असत्याच्या मागणीत समाजाचाही वाटा होता, हे विसरून केवळ विक्रेतीला दोष देणे अर्धवट न्यायाचे होईल.

पुढचा प्रवास वेगाचा आहे. बँका स्त्रीला कर्ज देण्यास सहसा राजी नसत. त्यामुळे मेलबर्न आणि सिडनी येथील मिळकतीतूनच १९०८ साली लंडनच्या मेफेअर भागात त्यांचे सौंदर्यगृह उभे राहिले. त्याच वर्षी एडवर्ड टायटस या पत्रकाराशी त्यांचा विवाह झाला. दोन मुलगे झाले. पाठोपाठ पॅरिस आले. महायुद्ध पेटल्यावर त्या अमेरिकेला गेल्या आणि १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी दुकान उघडले. बहिणींना एकेक करून बोलावून त्यांनी देशोदेशीच्या शाखा त्यांच्या हाती सोपविल्या. न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ आर्डेन ही तोलामोलाची प्रतिस्पर्धी त्यांना भेटली. भेटली हा केवळ शब्दप्रयोग, कारण एकाच शहरात वर्षानुवर्षे व्यवसाय करूनही या दोघींनी समोरासमोर येण्याचे कटाक्षाने टाळले.

१९२८ साली, विस्कटत चाललेला संसार सावरावा या आशेने, बाईंनी अमेरिकेतील व्यवसाय लेहमन ब्रदर्स या पेढीला ७३ लक्ष डॉलरला विकला. संसार सावरला नाही. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला, कंपनीच्या भागांची किंमत मातीमोल झाली आणि मिळालेल्या रकमेच्या लहानशा अंशात बाईंनी आपला व्यवसाय परत विकत घेतला. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावा असा हा व्यवहार शाळेत फारशी न शिकलेल्या दुकानदाराच्या मुलीने केला. पुढे न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरील एका इमारतीत ज्यू म्हणून त्यांना घर नाकारण्यात आले. त्यांनी १९४१ साली ती सबंध इमारतच विकत घेतली. मात्र पैशाने सारेच विकत घेता येत नाही, याचा प्रत्ययही त्याच काळात आला. क्राकोव्हमधील ज्यूंचा नाझींनी संहार केला आणि त्या हत्याकांडात बाईंची बहीण रेगिना बळी पडली. ज्या गल्ल्या सोडून त्या एकट्या निघाल्या होत्या, त्या गल्ल्यांतील माणसेच उरली नाहीत.

त्यांच्या कार्याचा हिशेब मांडताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. किंमत जितकी जास्त तितकी गिऱ्हाइकाची श्रद्धा अधिक, हे त्यांच्या धंद्याचे सूत्र होते. वयाची रेषा म्हणजे जणू अपराध, अशी धास्ती ज्या व्यवसायाने स्त्रियांच्या मनात रुजविली, त्याच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना करावी लागते. या व्यवसायातील अतिशयोक्ती इतकी वाढली की अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने प्रसाधनांना प्रथमच केंद्र सरकारच्या नियंत्रणाखाली आणावे लागले. स्त्रीला स्वतःच्या कमाईचा अभिमान देणारा आणि स्वतःच्या चेहऱ्याविषयी शंका देणारा, असा हा दुहेरी व्यवहार होता. त्यातले एक घेऊन दुसरे नाकारणे इतिहासाला शक्य नाही.

बाईंची राहणी अखेरपर्यंत विसंगतींनी भरलेली होती. पिकासोसारख्या चित्रकाराने त्यांची रेखाचित्रे काढली, जडजवाहिरांनी त्यांच्या पेट्या भरल्या. आणि तरीही दुपारचे जेवण त्या घरून कागदी पिशवीत घालून कचेरीत नेत. १९६४ साली त्यांच्या घरी दरोडेखोर शिरले. एक्याण्णव वर्षांच्या बाई बिछान्यात होत्या. आता या वयात मरणाचे भय कसले, असे त्यांना बजावून बाईंनी तिजोरीची किल्ली देण्यास साफ नकार दिला. चोरांना किरकोळ रकमेवर समाधान मानावे लागले. १ एप्रिल १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कंपनी पुढे परक्यांच्या हाती गेली आणि आज त्यांच्या नावाची प्रसाधने लोरेआल ही फ्रेंच कंपनी विकते.

वालाझच्या डबीवरील गोष्ट खोटी होती, हे आता जगाला ठाऊक आहे. कोलरेनच्या दुकानातील वर्षे, परभाषेशी झटापट, चहाच्या कपबशा, कर्जाविना उभारलेले भांडवल, ही खरी गोष्ट मात्र त्या डबीवर कधीच छापली गेली नाही. कारण ती कोणी विकत घेतली नसती. अनुभवातून आलेल्या ज्ञानाला आणि स्त्रीच्या श्रमाला शिक्क्यावाचून मान देण्याची सवय समाजाला असती, तर हेलेना रुबिनस्टाईन यांना पर्वतही लागला नसता आणि डॉक्टरही. ती सवय आज तरी आपल्याला लागली आहे काय, याचा विचार वाचकांनी आपापल्या घरापासून आणि आपापल्या कचेरीपासून सुरू करावा.