धातूंचे अंतरंग उलगडणारे ड्रूडे

धातूंमध्ये वीज आणि उष्णता वाहून नेणारे कण एकच असतात, हे गणिताने मांडणारे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पॉल ड्रूडे यांचा जन्म १२ जुलै १८६३ रोजी ब्राउनश्वाइग येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. गणित शिकण्यासाठी गटिंगनला गेलेले ड्रूडे वोल्डेमार फॉइग्ट यांच्या मार्गदर्शनाखाली भौतिकशास्त्राकडे वळले. धातूंच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा त्यांनी सखोल अभ्यास केला.

जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावला. त्यानंतर तीनच वर्षांनी ड्रूडे यांनी आपला सिद्धांत मांडला. धातूतील इलेक्ट्रॉन वायूच्या कणांप्रमाणे मुक्तपणे फिरतात आणि अणूंवर आदळत राहतात, अशी ही कल्पना होती. विजेचे उत्तम वाहक उष्णतेचेही उत्तम वाहक का असतात, याचे उत्तर त्यातून मिळाले.

याच वर्षी 'अनालेन डेर फिजिक' या नियतकालिकाचे संपादकपद त्यांच्याकडे आले. आइन्स्टाइन यांचे १९०५ मधील युगप्रवर्तक निबंध त्यातच प्रसिद्ध झाले. १९०५ मध्ये ड्रूडे बर्लिनच्या भौतिकशास्त्र संस्थेचे संचालक झाले. पुढील वर्षी प्रशियन विज्ञान अकादमीत प्रवेशाचे व्याख्यान दिल्यावर काही दिवसांतच, ५ जुलै १९०६ रोजी, त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली. त्यांच्या मृत्यूचे कारण कधीच स्पष्ट झाले नाही.

त्यांच्या सिद्धांतात एक उणीव होती. त्यानुसार इलेक्ट्रॉनांनी बरीच उष्णता सामावून घ्यायला हवी. प्रयोगांत तसे दिसत नव्हते. फार थोडे इलेक्ट्रॉनच उष्णता घेऊ शकतात, हे आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १९२७-२८ मध्ये पुंज सिद्धांताच्या आधारे दाखवले.

लेसरच्या युगात नेमकी हीच बाब कळीची ठरली. सोन्याच्या अतिशय पातळ थरावर सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी काळ टिकणारा लेसर झोत पडला, की उष्णता सामावण्याची क्षमता तोकडी असल्याने इलेक्ट्रॉन क्षणात हजारो अंश तापू शकतात. अणूंची जाळी मात्र थंडच राहते. मग त्यांच्यातील ऊर्जा जाळीच्या कंपनांत उतरते आणि काही पिकोसेकंदांत दोघांचे तापमान समान होते. या दोन तापमानांची समीकरणे सोव्हिएत संघातील अनिसिमोव आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडली. हा बदल टिपण्यासाठी थरावर दुसरा मंद झोत टाकून त्याचे परावर्तन मोजतात. ड्रूडे यांनीही धातूंचा वेध परावर्तित प्रकाशातूनच घेतला होता.