दुष्काळी तापाचा जंतू ओळखणारा चित्रकार-डॉक्टर

सन १८७६ मध्ये पावसाने पाठ फिरवली आणि अहमदनगर (आजचा अहिल्यानगर), पुणे, सोलापूर, सातारा हे जिल्हे दुष्काळात होरपळले. अन्नाच्या शोधात माणसांचे लोंढे मुंबईकडे निघाले. पुढच्याच वर्षी मुंबईत एका तापाने थैमान घातले. तो काही दिवसांनी एकाएकी उतरे, रुग्ण सुटला असे वाटे आणि आठवडाभराने पुन्हा उलटे. हा हिवताप की उपासमारीचा परिणाम? उत्तर दिले डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर यांच्या सूक्ष्मदर्शकाने.

कार्टर यांचा जन्म १८३१ मध्ये इंग्लंडमधील हल येथे एका चित्रकाराच्या घरी झाला. आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या १८५८ च्या ग्रंथातील ३६३ आकृत्या त्यांच्याच हातच्या. मात्र मुखपृष्ठावरचा मान आणि मानधनाचा मोठा वाटा ग्रे यांना मिळाला. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा कार्टर मुंबईत दाखल झाले होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शरीरशास्त्र शिकवले, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काम केले.

दिसते तेच आणि तेवढेच रेखाटण्याची शिस्त १८७७ मध्ये कामी आली. रुग्णांच्या रक्ताच्या थेंबात त्यांना मळसूत्रासारखे पीळदार, वळवळणारे जंतू दिसले. एकदा पाहून ते थांबले नाहीत. ताप चढला की जंतू दिसत, उतरला की नाहीसे होत, उलटला की पुन्हा प्रकटत. असेच जंतू बर्लिनच्या ओबरमायर यांनी १८७३ मध्ये जाहीर केले होते. कार्टर यांनी ते भारतात सिद्ध केले, माकडांवर प्रयोग केले आणि १८८२ मध्ये या तापावर ग्रंथ लिहिला. भुकेल्यांच्या तापाला स्वतंत्र ओळख मिळाली.

तरीही हा जंतू माणसातून माणसात जातो कसा, हे कोडे उरलेच. ते उलगडले १९०७ मध्ये, नगरच्या शेजारी नाशिकला. अंगावरच्या उवा हा ताप पसरवतात, हे मॅकी यांनी दाखवून दिले.

हिवतापाचे परजीवीही कार्टर यांनी १८८७ मध्ये भारतीय रुग्णांच्या रक्तात ओळखले होते. १८८८ मध्ये ते मायदेशी परतले आणि ४ मे १८९७ रोजी क्षयाने निवर्तले. त्याच ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला.

आज प्रयोगशाळेत आतड्यातील कृमींची अंडी शोधणारा तंत्रज्ञही कार्टर यांचीच शिस्त पाळतो : आकार नीट पाहायचा, नमुना पुन्हा तपासायचा आणि मगच नाव द्यायचे.