एव्हरार्ड कॅलथ्रॉप

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (३ मार्च, १८५७ – ३० मार्च, १९२७) हे ब्रिटिश रेल्वे अभियंते व संशोधक होते. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर आणि मिरज या गावांना जोडणाऱ्या बार्शी लाईट रेल्वेचे ते प्रवर्तक व रचनाकार म्हणून ओळखले जातात. हलक्या रुळांवर चालू शकतील असे मोठे प्रवासी डबे, मालडबे आणि इंजिने यांची एकसंध आखणी हे त्यांचे मुख्य कार्य होय. उत्तरायुष्यात त्यांनी वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली.

प्रारंभिक जीवन

कॅलथ्रॉप यांचा जन्म इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्याच्या सीमेवरील डीपिंग येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. भावंडांत ते थोरले होते. त्यांचे बंधू गाय कॅलथ्रॉप हे पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे महाव्यवस्थापक झाले. अपिंगहॅम येथील शाळेत शिक्षण घेतल्यानंतर एव्हरार्ड यांनी रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाच्या इंजिन कारखान्यात आणि १८७४ पासून क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली. १८७९ मध्ये ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेत दाखल झाले व तेथे डबे बांधणाऱ्या कारखान्याचे सहायक व्यवस्थापक बनले. डब्याचे वजन, त्याची चौकट आणि चाके यांचा येथे मिळालेला अनुभव त्यांना पुढे भारतात उपयोगी पडला.

भारतातील कार्य

१८८२ मध्ये कॅलथ्रॉप ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिन निरीक्षक म्हणून मुंबई इलाख्यात आले. त्या काळी मुंबईहून सोलापूर-रायचूरकडे जाणारा मुख्य लोहमार्ग बार्शी शहरापासून दूर असलेल्या बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडी स्थानकावरून जात असे. बार्शी ही कापसाची मोठी पेठ होती. परंतु तेथील माल स्थानकापर्यंत बैलगाड्यांनी न्यावा लागे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा चिखलाने भरून जात. मुख्य मार्गाच्या मापाचे रूळ अशा ठिकाणी टाकणे उत्पन्नाच्या मानाने परवडणारे नव्हते.

कॅलथ्रॉप यांनी या ठिकाणी २ फूट ६ इंच (७६२ मिलिमीटर) मापाच्या स्वस्त लोहमार्गाची योजना मांडली. मंजुरी व भांडवल मिळण्यास अनेक वर्षे लागली. दरम्यान ते इंग्लंडला परतले व सल्लागार अभियंता म्हणून काम करू लागले. अखेर ११ जुलै, १८९५ रोजी लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा सुमारे २१ मैलांचा मार्ग खुला झाला.

डब्यांची व इंजिनांची रचना

अरुंद मापाचे मार्ग त्याआधीही भारतात होते. मात्र त्यांपैकी अनेकांवरील डबे लहान व दोन आसांचे असत आणि त्यांची वहनक्षमता बेताची असे. रुळांवर सर्वांत जास्त भार इंजिनाचा पडत असल्याने रूळ इंजिनाच्या हिशेबाने जड घ्यावे लागत. डब्यांना मात्र त्या मजबुतीचा लाभ मिळत नसे.

कॅलथ्रॉप यांनी हा हिशेब उलट केला. त्यांनी प्रथम रुळाचे वजन ठरवले – दर यार्डाला ३० पौंड – आणि त्यावर एका आसामागे ५ टनांहून अधिक भार पडू नये असा नियम घातला. हा नियम इंजिन, भरलेला मालडबा व प्रवासी डबा या सर्वांना सारखाच लागू होता. लांब डब्याचे वजन चार आसांवर वाटण्यासाठी डब्याच्या दोन्ही टोकांखाली चार-चार चाकांचे फिरते गाडे बसवण्यात आले. त्यामुळे डबा लांब असूनही तीव्र वळणे घेऊ शके. मालडब्यांच्या चौकटी पोलादी पत्रे दाबून घडवलेल्या होत्या. अशा चौकटी वजनाला हलक्या पण बळकट असत. लीड्स येथील किटसन कंपनीने बांधलेल्या इंजिनांना आठ जोडलेली चालक चाके व मागे चार चाके होती, म्हणजे इंजिनाचाही भार अनेक आसांवर विभागला जाई. भारतात पाठवण्यापूर्वी ही सामग्री लीड्सजवळील न्यूले येथे खास टाकलेल्या चाचणी मार्गावर चालवून रेल्वे व्यावसायिकांना दाखवण्यात आली होती.

विस्तार आणि लातूर

१९०६ मध्ये हा मार्ग पंढरपूरला पोहोचला. आषाढी व कार्तिकी यात्रांच्या काळात वारकऱ्यांची वाहतूक हा कंपनीच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा भाग बनला. पूर्वेकडे बार्शीपासून येडशी, ढोकी व मुरूड या मार्गाने रूळ पुढे सरकत गेले आणि १९११ मध्ये गाडी लातूरला आली. लातूर त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे ही रेल्वे ब्रिटिश मुलूख व संस्थान या दोहोंतून धावू लागली. त्याआधीच नांदेड हे हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेच्या मीटरमापी मार्गावर आले होते. अशा रीतीने मराठवाड्यातील या दोन शहरांना वेगवेगळ्या मापांचे लोहमार्ग मिळाले. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर जाऊ शकत नव्हता. लातूरचा माल मुख्य मार्गावर नेण्यासाठी कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा भरावा लागे आणि प्रवाशांनाही तेथे गाडी बदलावी लागे. स्वस्त मार्गाची ही किंमत पुढे जवळजवळ शतकभर या भागाने मोजली. तरीही लातूरच्या बाजारपेठेला मुंबईशी लोहमार्गाने जोडणारा पहिला दुवा हाच होता.

१९२७ मध्ये मार्ग मिरजेपर्यंत पूर्ण झाला व त्याची एकूण लांबी सुमारे २०२ मैल झाली. कॅलथ्रॉप यांचे निधन त्याच वर्षी झाले.

इतर लोहमार्ग

बार्शीच्या अनुभवावर कॅलथ्रॉप यांनी इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड हा त्याच मापाचा मार्ग आखला. तो १९०४ मध्ये सुरू झाला. रुंद मापाचे मालडबे जसेच्या तसे चढवून नेणारे वाहक गाडे हे त्याचे वैशिष्ट्य होते; माल उतरवून पुन्हा भरण्याच्या अडचणीवर त्यांनी शोधलेला हा उपाय होता. हा मार्ग १९३४ मध्ये बंद पडला.

हवाई छत्री

१९१० मध्ये चार्ल्स रोल्स यांचा विमान अपघातात मृत्यू झाल्यानंतर कॅलथ्रॉप वैमानिकांच्या सुरक्षेकडे वळले. त्यांनी तयार केलेल्या छत्रीला ‘गार्डियन एंजल’ असे नाव दिले. १९१६ मध्ये त्यांनी दाबलेल्या हवेच्या साहाय्याने वैमानिकाला आसनासह बाहेर फेकणाऱ्या योजनेचे एकस्व घेतले. जानेवारी १९१७ मध्ये विमानातून या छत्रीने यशस्वी उडी घेण्यात आली. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या प्रदेशात हेर उतरवण्यासाठी ती वापरली गेली. तथापि ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत विमानात छत्री मिळू शकली नाही.

कॅलथ्रॉप यांना अरबी घोड्यांचाही छंद होता. एसेक्समधील लाउटन येथील घरी ते घोड्यांची पैदास करीत. घोड्यांवरील त्यांचे पुस्तक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले.

वारसा

१ जानेवारी, १९५४ रोजी भारत सरकारने बार्शी लाईट रेल्वे विकत घेतली व ती मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. लोकांच्या तोंडी मात्र ‘बार्शी लाईट’ हेच नाव राहिले. कुर्डुवाडी-लातूर मार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले. त्या वेळी मार्गाची आखणी बदलून तो उस्मानाबाद (आताचे धाराशिव) शहरावरून नेण्यात आला. या मार्गावरील लातूरजवळच्या हरंगुळ येथे २०१८ मध्ये मराठवाडा रेल्वे डबे कारखान्याची पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. ज्या गावी प्रवासी डबे अरुंद मापाचे आले, तेथे आता रुंदमापी डबे बांधण्याची सोय आहे.