केडगावचा हिशेब

आमच्या मंडळाच्या मराठी शाळेत दर महिन्याला एका थोर व्यक्तीची गोष्ट सांगायची पद्धत आहे. माझी पाळी आली तेव्हा मी पंडिता रमाबाई निवडल्या. गोष्ट छान रंगली. शेवटी मी सांगितलं, की एक वेळ अशी होती की केडगावला रमाबाईंच्या आश्रयाला दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. त्यावर मागच्या बाकावरच्या नऊ वर्षांच्या एका पोराने हात वर केला, "मावशी, एवढ्यांच्या जेवणाचे पैसे कोण देत होतं?"

अमेरिकेतच वाढलेलं पोर ते, त्याचा प्रश्न रास्त होता. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण घरी आल्यावरही प्रश्न डोक्यातून जाईना. त्याला कारणही होतं. नवऱ्याची नोकरी जाऊन तीन महिने झाले होते, आणि मी रोज रात्री जमाखर्चाचा तक्ता उघडून तेच आकडे पुन्हा पुन्हा जुळवत बसायचे. म्हणून रमाबाईंचं चरित्र पुन्हा काढलं. या वेळी वाचलं ते पैशांच्या दृष्टीने.

रमाबाईंचा जन्म 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईने रमाबाईंना. तीर्थयात्रा करीत, पुराणं सांगत हे कुटुंब देशभर हिंडलं. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याच महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली भावंडं, श्रीनिवास आणि रमा, उपाशीपोटी हजारो मैल पायी चालली. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. पण 1880 मध्ये भाऊ गेला आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. पदरात लहानगी मनोरमा. हाताशी होती ती फक्त विद्या आणि हिंमत.

त्या बळावर त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि 1883 साली इंग्लंड गाठलं. तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या आणि पुढे अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरल्या. 1887 च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं. इथवरची गोष्ट आपल्यासारख्यांना पटकन पटते. हुशारी, कष्ट, ओळखी, फंड. आपणही इथे असेच तर आलो!

पण रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे, की बाप्तिस्म्यानंतरची कित्येक वर्षं त्यांच्याजवळ धर्म होता, पण मनाला शांती नव्हती. ख्रिस्ती मत त्यांनी बुद्धीने तपासून घेतलं होतं. पापक्षमा मात्र आपल्याच प्रयत्नांनी मिळवायची, अशी धडपड चालू होती. 1891 च्या सुमारास त्यांनी ती धडपड सोडली आणि स्वतःला ख्रिस्तावर टाकलं.

मग कसोटीही लगेच आली. 1893 मध्ये सदनात धर्मांतराला उत्तेजन दिलं जातं यावरून पुण्यात मोठं वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मांतराच्या प्रश्नावर आजही आपल्यात मतभेद आहेत आणि ते असणारच. पण भरवशाची माणसं एकाएकी गेल्यावर त्या बाईचं काय झालं असेल, हे परदेशात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

रमाबाई व्यवहार जाणत होत्या. अमेरिकेची हमी 1898 ला संपणार, म्हणून केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली. झाडं धरली, की उत्पन्नातून शाळा चालेल, असा हिशेब होता. तेवढ्यात 1896 चा मध्य प्रांतातला दुष्काळ आला. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. हाती पैसा नसताना त्यांनी तीनशे मुलींना वाचवायचं मनाशी ठरवलं, आणि मुली आणल्याही. फळबागेत माणसांची वस्ती झाली! तेच मुक्ती सदन. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ती वस्ती कितीतरी पटींनी वाढली.

ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर कोणाकडे पैसे न मागता, केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथ मुलं सांभाळीत. त्यांची हकिगत रमाबाईंनी वाचली होती. आपल्या देशातही देव तसाच पाठीशी उभा राहील, असं त्यांनी धरून चाललं. देणग्या येत राहिल्या, अमेरिकेतले मित्रही मदत करीत राहिले, पण पुढच्या महिन्याची हमी कोणाचीच नव्हती. म्हणून हातावर हात ठेवून कोणी बसलं नाही. मुली शेती करीत, विणकाम करीत, छापखाना चालवीत. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं, तीच गेली. तरी आईने काम थांबवलं नाही. भाषांतर पुरं करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी डोळे मिटले. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला ते काम आजही चालू आहे.

पुढच्या रविवारी त्या मुलाला मी सांगितलं, की पैसे पुष्कळ लोकांनी दिले, पण रमाबाई भरवसा लोकांवर ठेवीत नव्हत्या, देवावर ठेवीत होत्या; आणि सकाळी उठून कामाला मात्र लागत होत्या. त्याला ते कितपत पटलं कोण जाणे. मी ख्रिस्ती नाही. आमच्या देवघरात गणपती आहे, आणि दिवाळीला लक्ष्मीपूजनही होतं. पण त्या रात्री तक्ता एकदाच पाहिला, बंद केला, देवापुढे हात जोडले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपले. नोकरी मिळायला त्यानंतरही बरेच दिवस लागले.