लुई-देझिरे व्हेराँ

लुई-देझिरे व्हेराँ (जन्म : ५ एप्रिल १७९८, पॅरिस, मृत्यू : २७ सप्टेंबर १८६७, पॅरिस) हे फ्रेंच वृत्तपत्रमालक, लेखक व राजकारणी आणि १८३१ ते १८३५ या काळात पॅरिस ऑपेराचे संचालक होते. शिक्षणाने डॉक्टर असलेल्या व्हेराँ यांनी राजदरबाराच्या खर्चाने चालणारी ही संस्था सरकारी अनुदानासह मक्त्याने चालवायला घेतली आणि ती नफ्यात आणली. राष्ट्रीय कलासंस्थेला सार्वजनिक पैसा कोणत्या अटींवर द्यावा, या प्रश्नाच्या इतिहासात त्यांची कारकीर्द महत्त्वाची मानली जाते.

पूर्वायुष्य

व्हेराँ यांचे वडील कागद व लेखनसाहित्याचे व्यापारी होते. व्हेराँ यांनी १८२३ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली. मात्र पैसा मिळाला तो रुग्णांकडून नव्हे, तर रेन्यो नावाच्या औषधविक्रेत्याने तयार केलेल्या खोकल्यावरील वडीच्या विक्रीतून. वृत्तपत्रांतून सतत जाहिराती देऊन त्यांनी या वडीचा मोठा खप घडवून आणला. १८२९ मध्ये त्यांनी ‘रेव्ह्यू द पारी’ हे वाङ्मयीन नियतकालिक सुरू केले. संगीताचे विशेष शिक्षण त्यांना नव्हते. जाहिरातीचे बळ आणि वृत्तपत्रसृष्टीतील ओळखी हेच त्यांचे भांडवल होते, आणि पुढे ऑपेरातही तेच कामी आले.

ऑपेराची आर्थिक पुनर्रचना

चौदाव्या लुईच्या काळात, १६६९ मध्ये, स्थापन झालेली ही संस्था बूर्बाँ राजांच्या अखेरच्या काळात राजघराण्याच्या खात्याकडे होती. दरवर्षी येणारी तूट खजिन्यातून भरून काढली जात असे. याखेरीज नेपोलियनने १८११ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार पॅरिसमधील दुय्यम नाट्यगृहांना आपल्या उत्पन्नाचा काही भाग ऑपेराला द्यावा लागे. जुलै १८३० च्या क्रांतीनंतर लुई-फिलिप गादीवर आला. नव्या राजवटीला दरबारी खर्च कमी करायचा होता, आणि इतर नाट्यगृहांवरील ही पट्टीही बंद झाली. ऑपेरा बंद करणे मात्र शक्य नव्हते. तिच्यावर शेकडो माणसांची उपजीविका अवलंबून होती आणि राजधानीची प्रतिष्ठाही तिच्याशी जोडलेली होती.

यातून काढलेला मार्ग असा : संस्था एका खासगी संचालकाला सहा वर्षांसाठी द्यायची, नफातोटा त्याचा, आणि सरकारने ठरावीक पण उतरते अनुदान द्यायचे. १ मार्च १८३१ पासून व्हेराँ यांनी कारभार हाती घेतला. पहिल्या वर्षी ८,१०,००० फ्रँक, पुढील दोन वर्षी प्रत्येकी ७,६०,००० आणि शेवटच्या तीन वर्षी प्रत्येकी ७,१०,००० फ्रँक अनुदान ठरले. म्हणजे सहा वर्षांत एकूण ४४,६०,००० फ्रँक. त्यांच्याकडून अडीच लाख फ्रँक अनामत घेण्यात आली. त्यातील मोठा वाटा आलेक्सांद्र आग्वादो या सावकाराने उचलला होता. दरवर्षी किती नव्या कृती रंगभूमीवर आणायच्या आणि संस्थेचा दर्जा कसा राखायचा, हे करारनाम्यात तपशीलवार नोंदले होते. त्यावर देखरेखीसाठी एक आयोगही नेमला होता. तेव्हा हा निव्वळ खासगी धंदा नव्हता. पण जोखीम संचालकाची, असे म्हणतानाही तिचा मोठा भाग सरकारच उचलत होते.

खर्चात काटकसर करताना व्हेराँ यांनी वादक व कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या वेतनाला कात्री लावली, त्यामुळे असंतोष निर्माण झाला. क्रांतीनंतर जुने उमराव प्रेक्षक दुरावले होते. व्हेराँ यांनी ल पेल्तिए रस्त्यावरील नाट्यगृहातील सहा आसनांच्या अनेक खोल्या मोडून चार आसनांच्या केल्या, जेणेकरून मध्यमवर्गीय व्यापारी व वकील कुटुंबांना त्यांची वर्गणी परवडेल. पगारी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या टोळीचा प्रमुख ओग्युस्त लव्हास्यर याच्याशी ते प्रयोगांविषयी मसलत करीत. नर्तिकांच्या तयारीच्या दालनात श्रीमंत वर्गणीदारांना प्रवेश देण्याची त्यांची योजना उत्पन्नाच्या दृष्टीने यशस्वी ठरली. तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या गरीब घरच्या मुलींना तिची जी किंमत मोजावी लागली, तिची नोंद जमाखर्चात नाही.

प्रमुख निर्मिती

२१ नोव्हेंबर १८३१ रोजी जाकोमो मायरबेअर यांची ‘रॉबेर ल दियाब्ल’ रंगभूमीवर आली. थडग्यांतून उठणाऱ्या जोगिणींचे नृत्य, सिसेरी यांचे नेपथ्य आणि गॅसच्या दिव्यांचा प्रकाश यांनी प्रेक्षक भारावून गेले. पहिल्याच प्रयोगात गायक आदोल्फ नुरी चोरदरवाजातून खाली पडले, पण सुदैवाने बचावले. १८३४ पर्यंत तिचे शंभर प्रयोग झाले. या कृतीचा करार मात्र आधीच्या संचालकाच्या काळातला होता, हे व्हेराँ यांच्या यशाचे मोजमाप करताना विसरले जाते.

१२ मार्च १८३२ रोजी मारी तालिओनी यांची भूमिका असलेला ‘ला सिल्फीद’ हा बॅले सादर झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस पॅरिसमध्ये पटकीची साथ पसरली आणि उत्पन्न घटले. पुढच्या वर्षी ओबेर यांची ‘ग्युस्ताव्ह तिसरा’ गाजली, तर केरुबिनी यांची ‘अली बाबा’ पडली. २३ फेब्रुवारी १८३५ रोजी अलेव्ही यांची ‘ला ज्युईव्ह’ आली. तिच्या नेपथ्य-वेशभूषेवर सुमारे दीड लाख फ्रँक खर्च झाल्याची चर्चा होती. ‘ले युगनो’ वेळेत पूर्ण न झाल्याने व्हेराँ यांनी मायरबेअर यांच्याकडून कराराप्रमाणे ३०,००० फ्रँक दंड वसूल केला. ती कृती अखेर २९ फेब्रुवारी १८३६ रोजी रंगमंचावर आली, तेव्हा व्हेराँ संचालक राहिले नव्हते.

राजीनामा

संचालक श्रीमंत होत आहे, हे दिसू लागताच अनुदानाविषयी प्रश्न विचारले जाऊ लागले. नफा होत असेल तर करदात्यांचा पैसा कशाला, ही टीका बिनतोड होती. शासनाने अनुदानात कपातीचा आग्रह धरल्यावर व्हेराँ यांनी मुदतीपूर्वीच, १८३५ मध्ये, पद सोडले व त्यांचे सहकारी आंरी दुपाँशेल संचालक झाले. व्हेराँ मोठी संपत्ती घेऊन बाहेर पडले. त्यांच्यानंतरच्या संचालकांना मात्र याच पद्धतीत तोटा झाला आणि कर्ज साचत गेले.

उत्तरायुष्य

१८४४ मध्ये व्हेराँ यांनी ‘ल काँस्तित्युस्योनेल’ हे मरगळलेले वृत्तपत्र ताब्यात घेतले. यूजेन स्यू यांच्या ‘भटका ज्यू’ या कादंबरीच्या क्रमशः प्रकाशनासाठी त्यांनी एक लाख फ्रँक मोजले आणि वर्गणीदारांची संख्या अनेक पटींनी वाढली. सँत-बव्ह यांची साप्ताहिक समीक्षाही १८४९ पासून याच पत्रात सुरू झाली. व्हेराँ यांनी लुई-नेपोलियनची बाजू घेतली आणि १८५२ नंतर ते कायदेमंडळाचे सदस्य होते. मानेभोवती गुंडाळलेला उंच गळपट्टा आणि खवय्येगिरी यांमुळे ते व्यंगचित्रकारांचे आवडते लक्ष्य बनले. ‘पॅरिसच्या एका मध्यमवर्गीयाच्या आठवणी’ हे त्यांचे आत्मकथन १८५३ ते १८५५ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाले. त्या काळच्या ऑपेराविषयीची बरीच माहिती त्यातूनच मिळते. अर्थात ती सांगणारा स्वतःच्या यशावर खूश आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

१८५४ मध्ये कर्जबाजारी झालेली ऑपेरा पुन्हा राजघराण्याच्या खात्याकडे घेण्यात आली. १८६६ मध्ये ती एमिल पेराँ यांना अनुदानासह पुन्हा मक्त्याने देण्यात आली. त्यानंतरच्या वर्षी, वयाच्या ६९व्या वर्षी, व्हेराँ यांचे पॅरिस येथे निधन झाले.