लव्हक्राफ्ट आणि त्यांचे देव
(द्वितीय वर्ष, कला)

जपानमध्ये २००९ साली मान्ता आइसोरा या लेखकाची 'हाइयोरे! न्यारुको-सान' ही कादंबरीमालिका सुरू झाली. तिची नायिका न्यारुको ही चंदेरी केसांची थट्टेखोर मुलगी. पण मुळात ती परग्रहावरची न्यार्लाथोटेप आहे! हे भयंकर नाव ज्यांच्या लेखणीतून प्रथम उतरले, त्यांचे चरित्र सर्वांनी वाचावे असे मला वाटते.

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट यांचा जन्म २० ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरी झाला. ते लहान असतानाच वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले; १८९८ साली ते तेथेच वारले. सांभाळ करणारे आजोबा १९०४ मध्ये गेले आणि राहते घर सुटले. १९०८ साली प्रकृती ढासळून शाळाही सुटली. ब्राउन विद्यापीठ गावातच होते, परंतु विद्यार्थी म्हणून त्याची पायरी त्यांना कधीच चढता आली नाही. आमच्या घराण्यात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. म्हणून त्यांच्या भयकथांपेक्षाही ही हकिगत मला अधिक चटका लावून गेली.

पुढे इतरांचे लिखाण सुधारून देऊन ते कसाबसा चरितार्थ चालवीत. १९२८ साली 'विअर्ड टेल्स' मासिकात त्यांची 'द कॉल ऑफ क्थुलू' ही कथा आली. सागरतळी निद्रिस्त असलेला क्थुलू आणि त्याच्यापुढे क्षुद्र ठरणारा मानव, हे त्यांचे जग. १५ मार्च १९३७ रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

परंतु केवळ गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कृष्णवर्णीय, ज्यू, आशियाई अशा लोकांविषयी त्यांच्या मनात तिरस्कार होता आणि तो त्यांच्या कथांतही उतरला. पत्नी सोनिया ग्रीन स्वतः ज्यू असूनही तो मावळला नाही. माझ्यासारखीला त्यांनी उंबरठ्यापाशीही उभे केले नसते!

मात्र आपले काल्पनिक देव त्यांनी कुलुपात ठेवले नाहीत. मित्रांनी ते आपल्या कथांत वापरले, याचा त्यांना आनंदच होता. मृत्यूनंतर ऑगस्ट डर्लेथ व डोनाल्ड वॉन्ड्रे या दोघांनी १९३९ साली त्यांच्या कथांचा मोठा ग्रंथ काढला. पुढे हे देव समुद्र ओलांडून, ज्यांना ते परके मानीत त्याच आशियातील लेखकांच्या हाती आले, आणि त्यांनी भीतीचे हसू केले. लेखकाला आपले वाचक निवडता येत नाहीत. वाचकाने मात्र काय घ्यावे आणि काय टाकावे, हे निवडलेच पाहिजे.