वॉल्टर कॅनन : पोटात गोळा का येतो हे पाहणारा शास्त्रज्ञ



चाचणीच्या दिवशी सकाळी हमखास पोट दुखणारं एखादं मूल तुमच्या वर्गात असेलच, नाहीतर घरात असेल. कुठे दुखतंय विचारलं की ते बेंबीवर हात ठेवतं. पूर्वी मला ही नाटकं वाटायची. मग वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन या माणसाबद्दल वाचलं आणि खरं सांगते, ओशाळायला झालं.

कॅनन यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८७१ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात झाला. आई ते लहान असतानाच गेली. वडील रेल्वेत नोकरीला. पोराचं अभ्यासात लक्ष नाही असं वाटून वडिलांनी चौदाव्या वर्षी त्याला शाळेतून काढलं आणि रेल्वेच्या कचेरीत कामाला लावलं. पुढे तो शाळेत परत आला आणि मग मात्र झपाटल्यासारखा शिकला. तिथे मेरी जेनेट न्यूसन या बाई त्याला भेटल्या. हा मुलगा हार्वर्डला जाऊ शकतो हे त्यांनी ओळखलं आणि त्याच्या मागे उभ्या राहिल्या. आपण शिक्षक आहोत म्हणून हे मुद्दाम सांगितलं. चरित्रात एका ओळीत येणाऱ्या अशा बाई मला फार मोठ्या वाटतात.

१८९६ मध्ये कॅनन बोस्टनला हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले होते. जो तो हाताची हाडं बघत होता. प्राध्यापक बाउडिच यांनी कॅनन आणि त्यांचा सहाध्यायी मोझर यांना वेगळंच काम सुचवलं : घास गिळल्यावर खाली कसा जातो ते या किरणांनी पाहा. ९ डिसेंबर १८९६ रोजी त्यांनी कुत्र्याच्या अन्ननलिकेतून एक बटण खाली सरकताना पाहिलं. कॅनन तेव्हा पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते!

आता इथे एक अडचण आहे, ती समजून घ्या. पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये पाठीचे मणके पांढरे दिसतात आणि हवा काळी दिसते. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत जठरातल्या हवेचा काळा फुगा डावीकडे, छातीच्या पडद्याखाली दिसतो. पण जठर, आतडी, यकृत यांच्या छटा इतक्या जवळच्या असतात की सगळं करडं, एकात एक मिसळलेलं दिसतं. म्हणून कॅनन यांनी मांजरांच्या खाण्यात बिस्मथ या जड धातूचा क्षार मिसळला. बिस्मथ किरणांना अडवतो, त्यामुळे चमकणाऱ्या पडद्यावर जठराची स्पष्ट सावली पडली. आज दवाखान्यात तपासणीआधी बेरियमचं घट्ट पांढरं पेय देतात, ते याच युक्तीचं पुढचं रूप.

अंधाऱ्या खोलीत कॅनन तासन्‌तास ती सावली बघत बसत. जठराच्या मध्यावर लाट उठायची आणि आतड्याच्या तोंडाकडे सरकायची, मांजरात साधारण दर दहा सेकंदांनी एक. पण मधेच लाटा एकदम थांबायच्या. असं का? मांजर बिथरलं, चिडलं, घाबरलं की लाटा बंद. शांत झालं की पुन्हा सुरू. १८९८ मध्ये त्यांनी ही निरीक्षणं छापली.

भीतीनं पोटात गोळा येतो असं आपण सहज बोलून जातो. कॅनन यांना त्या मांजरांत दिसलं की भीतीनं पोटाचं काम खरोखरच थांबतं.

पुढची अनेक वर्षं ते याच्यामागे लागले. संकट आलं की शरीर ॲड्रिनलिन सोडतं, हृदय जोरात धावतं, रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळतं, रक्तातली साखर वाढते. लढा किंवा पळा, अशी ही तयारी. १९१५ मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. वर्गात बाकावर बसलेल्या मुलाला ना लढता येत ना पळता येत, हे आपलं माझं मत.

भुकेवरही त्यांनी काम केलं. वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्यानं नळी लावलेला फुगा गिळला. भूक लागल्याचं त्याला जाणवे तेव्हाच जठर आकसत असल्याची नोंद यंत्रावर उमटली. पोटात कावळे ओरडतात ते असे.

मात्र पालकहो, एक गोष्ट लक्षात असू द्या. जठर बेंबीत नसतं; ते वर डावीकडे, बरंचसं बरगड्यांखाली असतं. बेंबीमागे मुख्यतः लहान आतडं असतं. आंत्रपुच्छाची सूज आली तरी दुखणं बऱ्याचदा आधी बेंबीभोवतीच जाणवतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं. तसं झालं, सोबत उलटी किंवा ताप असला, तर परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. लगेच डॉक्टरांकडे न्या.

कॅनन १९०६ ते १९४२ हार्वर्डमध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. शरीर आतलं तापमान, साखर, पाणी यांचा तोल कसा राखतं, त्याला होमिओस्टॅसिस हे नाव त्यांनीच दिलं. त्यांच्या पत्नी कॉर्नेलिया कादंबरीकार होत्या. लग्नानंतरच्या सहलीत दोघांनी एक अवघड डोंगर सर केला, त्याला आज माउंट कॅनन म्हणतात.

त्या अंधाऱ्या खोलीत मात्र किरणांपासून अंगाला पुरेसं संरक्षण नव्हतं. क्ष-किरण किती घातक आहेत हे तेव्हा कुणाला नीट ठाऊकच नव्हतं. उतारवयात कॅनन यांना त्वचेचा चिवट आजार जडला. तरुणपणी अंगावर घेतलेल्या त्या किरणांशीच त्याचा संबंध जोडला गेला. आजारपणातही त्यांनी लिहिणं सोडलं नाही. १ ऑक्टोबर १९४५ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी ते गेले.